रंगीत तालमीतला उखर्डू

आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, की तिसऱ्याच्या बाबतीत खान्देशात पूर्वी एक युक्ती करत. मूल जन्मलं की त्याला घटकाभर उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. मग आत्याने सहज तिकडून जात असल्यासारखं यायचं, "कोनं पोर पडेल शे वं?" म्हणत त्याला उचलायचं आणि घरी आणायचं. हे पोर कोणीतरी टाकून दिलेलं, याच्यात काही राम नाही, असं देवाला वाटावं आणि त्याने याचा नाद सोडावा, एवढाच हेतू. मुलाचं नावही तसंच ठेवायचं, उखर्डू. नाव जितकं ओंगळ, तितकं पोर पक्कं.

शिरपूरच्या पलीकडल्या एका गावात तोताराम पाटलांच्या घरी असाच एक उखर्डू जन्मला. त्याला उकिरड्यावरून उचललं ते भागाबाईने, म्हणजे तोतारामच्या बहिणीने. तिकडे आत्याला फुई म्हणतात. ही फुई लग्नानंतर तीनच वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी परतलेली, मूलबाळ नाही. उखर्डू चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि तिथून पुढे फुईच त्याची आई झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी वेचताना तिने त्याला पाठीशी बांधून वाढवला.

युक्ती फळली म्हणायची. पोर जगलं, वाढलं, हुशार निघालं. पण धुळ्याच्या हायस्कुलात हजेरी घेताना मास्तरांनी पहिल्याच दिवशी नाव वाचलं आणि वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, हे त्याला जास्त लागलं. पुढे तो नाशिकला समाजकार्याचं शिकला, आणि पदवी हातात पडायच्या आधी राजपत्रात नाव बदलून घेतलं. उखर्डू तोताराम पाटील हा इसम उदय तोताराम पाटील झाला. नावाबरोबर त्याने बोलीही टाकली. अहिराणीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. बायको नाशिकची, तिला नवरा कुठल्याशा "धुळ्याकडच्या" घरातला आहे एवढंच ठाऊक. बाप वारला तेव्हा तेराव्यापर्यंत राहिला, त्यानंतर सहा-सात वर्षांत गावाकडे फिरकला नाही. फुई गावातच होती. तिला तो कळवत नव्हता की बोलावत नव्हता.

मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तो वाईट नव्हता. धुळ्याच्या ज्या शिकाऊ दवाखान्यात तो समाजसेवा अधीक्षक होता, त्याचं नाव इथे नको. तिथले गरीब रोगी त्याला दुवा देत. फक्त त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस कधी काय करील याचा नेम नसतो.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहा महिने झाले होते. जिकडेतिकडे एकच बोलणं, आपत्ती आली तर काय. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, की डॉक्टरकीची, नर्सिंगची, फार्मसीची आणि लॅबची मुलं एकत्र आणायची आणि खोटा अपघात घडवून त्यांच्याकडून खरी धावपळ करून घ्यायची. एरवी ही मुलं एकमेकांच्या कॅन्टीनलाही जात नसत. अपघात झाल्यावर डॉक्टर होणाऱ्याने नर्स होणारीचं ऐकायचं, नर्सने औषधवाल्याला हाक मारायची, हे कागदावर सोपं, पण प्रत्यक्षात कोण कोणाचं ऐकतो! म्हणून ही रंगीत तालीम. एप्रिल १९९४ मधला शनिवार ठरला. सगळी जुळवाजुळव उदय पाटलाकडे आली.

त्याने काम मन लावून केलं, यात शंका नाही. आग्रा रोडच्या बाजूला एका माळावर मोडीतल्या बसचा सांगाडा आडवा पाडून ठेवला. चाळीस जखमींची चाळीस कार्डं स्वतःच्या अक्षरात लिहिली. कोणाचा पाय मोडलेला, कोणाला भाजलेलं, कोणी नुसतंच घाबरलेलं. प्रत्येकाने काय बोलायचं तेही शुद्ध मराठीत लिहून दिलं. त्यातलं बाविसावं कार्ड त्याचं आवडतं होतं. पोटाला मार लागलेली बाई. तिने पाणी पाणी करायचं आणि हरवलेल्या मुलाला शोधायचं. पोटाच्या जखमेवर पाणी द्यायचं नसतं, म्हणून तिने कितीही गयावया केली तरी विद्यार्थ्यांनी द्यायचं नाही. जो देईल त्याचे मार्क कापायचे.

जखमी व्हायला माणसं हवी होती. कपाशी निघून गेली होती, उन्हाळ्यात खेड्यांत हाताला काम नव्हतं. दवाखान्याचा ड्रायव्हर मगन ट्रक घेऊन शिरपूरकडच्या गावांमधून रोजावर माणसं घेऊन आला. "रंगीत तालीम" म्हणजे काय हे त्याला कोणाला नीट सांगता आलं नव्हतं. एक म्हातारा फाळक्यावरून उतरताना विचारत होता, "कुस्त्या शेतस का, भाऊ?" विद्यार्थी हसले. उदयही हसला.

आणि त्याच फाळक्यावरून, पदर खोचून, भागाबाई उतरली.

दवाखान्याचा ट्रक आलाय म्हटल्यावर ती मुद्दाम चढली होती. आपला उखर्डू धुळ्याच्या कुठल्याशा दवाखान्यात मोठा साहेब आहे, एवढं तिला ठाऊक होतं. दिसला तर दिसला, एवढीच आशा. आणि समोर तोच उभा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात कागदांची पाटी. तिचं तोंड उघडलं. "उख—" एवढं अर्धं नाव बाहेर पडलं.

उदयने मान फिरवली.

त्याच्या शेजारी मोठे डॉक्टर उभे होते, मागे साठ विद्यार्थी होते. त्याला हायस्कुलातला तो वर्ग आठवला की नाही, कोणास ठाऊक. मान मात्र आपोआप फिरली. भागाबाईने ते पाहिलं आणि तोंड मिटलं. ती बाई शाळेत गेली नव्हती, पण एवढं वाचायला शाळा लागत नाही. त्यानंतर ती बाकीच्या बायांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघेनाशी झाली.

कार्डं वाटताना उदयने तिला बाविसावं दिलं. ते झोपून राहायचं काम होतं, आणि जागा होती बसच्या पलीकडे, सगळ्यात शेवटी, पाहुण्यांच्या मांडवापासून लांब. तिथे ती कोणाशी बोलणार नाही, असं त्याने मनात धरलं. तिला मात्र त्याने परक्या बाईला सांगावं तसं सांगितलं, "आजी, तुम्ही इथे झोपायचं. पाणी द्या हो, माझं पोर कुठे आहे, असं म्हणत राहायचं. उठायचं नाही." आजी म्हणाला तो. तिने मान हलवली. पोटावर लाल रंग लावून घेतला आणि आडवी झाली. साडेआठ वाजले होते, तिथे बसची सावली होती.

तालीम बघायला मुंबईहून येणारे पाहुणे दहाला यायचे ते सव्वाअकरापर्यंत आले नाहीत. ते आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं ठरलेलं. जखमींनी जागा सोडायची नाही, रंग पुसायचा नाही. मांडवातल्यांना सरबत मिळालं. बसच्या अलीकडच्या जखमींना मगनने घागर फिरवून पाणी पाजलं. पलीकडे कोणी आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. सावली केव्हाच सरकली होती. खान्देशातलं एप्रिलचं ऊन ज्याने डोक्यावर घेतलंय त्यालाच ते ठाऊक. जमिनीला हात लावला तर हात भाजत होता. आणि भागाबाई, उठायचं नाही असं उखर्डूने सांगितलंय म्हणून, उठली नाही.

शेवटी गाड्या आल्या, शिट्टी झाली, मुलं पळत सुटली. धूळ, आरडाओरडा, स्ट्रेचर. उदय कागदांची पाटी घेऊन मार्क देत फिरत होता. बसच्या पलीकडे आला तेव्हा दोन होतकरू डॉक्टर भागाबाईपाशी वाकले होते. ती पाणी मागत होती. एक म्हणाला, "पोटाची जखम आहे, पाणी नाही मिळणार, आजी." उदयने कागदावर खूण केली, पाणी नाकारले, बरोबर.

तेवढ्यात भागाबाईने डोळे उघडले. समोर तो दिसला. कार्डावरचं मराठी तिच्या तोंडातून गळून पडलं.

"उखर्डू," ती म्हणाली, "माले पानी दे रे. हाई सोंग नही शे. मना जीव चालना रे बाप."

त्या माळावर शंभर माणसं होती, पण ऐकू येईल एवढ्या जवळ, या वाक्याचा अर्थ आणि या हाकेचा मालक दोन्ही ठाऊक असलेला एकच होता. दोघे डॉक्टर कौतुकाने एकमेकांकडे बघत होते. "काय काम करतेय बाई! मुलाला हाका मारतेय. अरे, उखर्डू नावाचं पोर शोधा रे, बसखाली वगैरे असेल." आणि खरोखरच चार मुलं बसखाली वाकून ओरडायला लागली, "उखर्डू! ए उखर्डू! आवाज दे!"

ज्याने आवाज द्यायचा तो पाटी छातीशी धरून तिथेच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. तिचे ओठ फुटलेले त्याने पाहिले, अंगावर घामाचा थेंब नाही हे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकायचं होतं, "काय वं, फुई?" एवढं म्हणायचं होतं. पण बसच्या टोकाशी पाहुणे आले होते, मोठे डॉक्टर त्यांना काहीतरी समजावत होते, आणि त्याने पाटीवरचा पुढचा कागद वर घेतला.

नर्सिंगची एक मुलगी होती, मंदा नावाची. वरणगावच्या फॅक्टरीतल्या कामगाराची लेक, वसाहतीत वाढलेली, तिला अहिराणी येत नव्हती. तिने भागाबाईच्या कपाळावर हात ठेवला आणि दचकून काढला. ती उठून उदयपाशी आली. "सर, या आजी काहीतरी वेगळंच बोलताहेत. कार्डावर असं नाही. काय म्हणताहेत त्या?"

आता तरी बोलावं की नाही माणसाने? पोरीने ताट वाढून पुढे ठेवलं होतं. पण उदय म्हणाला, "पार्ट आहे तो त्यांचा. मुलाला शोधताहेत. पाणी द्यायचं नाही, लक्षात आहे ना?"

मंदा परत गेली. दोन-तीन मिनिटं तिने नियम पाळला. भागाबाई आणखी दोनदा उखर्डू म्हणाली, दुसऱ्यांदा नुसतेच ओठ हलले. मग डोळे वर गेले आणि अंग झटके द्यायला लागलं. मंदाने नियम झुगारला. कोणाला न विचारता तिने भागाबाईला काखेत हात घालून सावलीत ओढलं, अंगावर घागर उपडी केली, आणि जीव खाऊन ओरडली, "हे खरं आहे! इकडे या, हे खरं आहे!" तेव्हा कुठे सगळे थांबले. उदयही धावला. सगळ्यांच्या मागून धावला.

ताप एकशे सहा होता. भागाबाई वाचली, पण तीन दिवस शुद्धीवर नव्हती आणि नऊ दिवस वॉर्डात होती. उदय रोज वॉर्डात जायचा. नातेवाइकांचा शोध घेणं हे त्याचंच काम, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. फॉर्मवर नातेवाईक या रकान्यात त्याने "गावाकडे कळविले आहे" असं लिहिलं. कोणाला कळवलं, ते लिहिलं नाही. शेजारच्या खाटांवर माणसं असत, सिस्टर ये-जा करत, आणि तो खाटेशी उभा राहून "बरं वाटतंय का?" विचारी. ती मान हलवी. घरी आल्यावर त्याला जेवण जात नसे. बायको विचारी, तर तो पित्ताचं नाव सांगे.

पुढे चौकशी झाली. तीन माणसांची समिती, टेबलावर हिरवं कापड. भागाबाईला खुर्ची दिली होती, ती खाली बसली. तिची बोली समितीला कळेना, म्हणून शिपाई धनसिंगला दुभाषा म्हणून बोलावलं. आधी मंदाने सांगितलं, की मला शंका आली आणि मी पाटील सरांना विचारलं. अध्यक्ष उदयकडे वळले. "तुम्ही काय सांगितलंत?"

"पार्ट आहे, असं म्हणालो."

"त्या काय बोलत होत्या, तुम्हाला समजत होतं? त्यांची भाषा येते तुम्हाला?"

भागाबाईला मराठी बोलता येत नसलं, तरी ऐकलेलं कळत होतं. ती मान वर करून बघत होती. नोकरीचा प्रश्न होता, इभ्रतीचा होता, आणि तो खोटं बोलायला इतका सरावला होता की उत्तराला वेळ लागला नाही.

"नाही," उदय म्हणाला.

मग अध्यक्षांनी भागाबाईला विचारलं, "बाई, तुम्ही सारखं उखर्डू, उखर्डू म्हणत होता. हा उखर्डू कोण?"

ती समितीकडे बघत म्हणाली, "मना आंडोर."

"मुलगा म्हणते, साहेब," धनसिंग म्हणाला.

"कुठे असतो तो?"

"तो मरी गया, भाऊ. धाकला व्हता तव्हयच मरी गया."

धनसिंगने ते मराठीत सांगितलं, लहानपणीच वारला म्हणून. अध्यक्षांनी चष्मा काढून हळहळ व्यक्त केली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कारकुनाने लिहून घेतलं, की सदर महिला उन्हाच्या भ्रमात आपला मयत मुलगा नामे उखर्डू यास हाका मारीत होती, सबब उपस्थितांस अंदाज येऊ शकला नाही. कोणावर ठपका नाही. धनसिंगने तो कागद तिला तिच्या बोलीत समजावून सांगितला आणि तिचा अंगठा घेतला. मग तालमीचा संयोजक म्हणून कागद उदयपुढे आला. त्याने वाचला. मयत मुलगा नामे उखर्डू. त्याने खाली सही केली.

बाहेर मगन जीप घेऊन उभा होता. उदय तिच्या मागे मागे जिना उतरला. व्हरांड्यात कोणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "फुई..." तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, गावात तहसीलदार आला की बाया ओढतात तसा, आणि म्हणाली, "जास मी, साहेब. तुम्ही कशाले तरास लेतस." जीपमध्ये बसली आणि गेली.

पुढच्या वर्षीच्या तालमीत उदयने एक नवा नियम घातला. जखमी झालेला माणूस "हे सोंग नाही" असं म्हणाला, कोणत्याही बोलीत म्हणाला, की सगळ्यांनी हातातलं टाकून थांबायचं आणि आधी त्याला पाणी द्यायचं. प्रत्येक गटात त्या भागाची बोली जाणणारा एकजण हवाच, हाही त्याचाच नियम. मोठ्या डॉक्टरांनी सभेत त्याची पाठ थोपटली. तुम्हाला हे सुचलं कसं, असं जळगावच्या एका बाईंनी विचारलं. टाळ्या वाजत होत्या आणि हा शरमेने मान खाली घालून बसला होता. लोकांना तो विनय वाटला.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी, एका रविवारी, तो एस.टी.ने शिरपूरला आणि तिथून पायी गावात गेला. दुपारची वेळ होती. भागाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून उठली. आतून खाट आणली, खाटेवर धुतलेली गोधडी घातली, हात धुवायला तांब्या दिला. चहा ठेवला. चहा कपबशीत आणला, घरातल्या माणसाला पितळी वाटीत देतात तसा नाही. आणि स्वतः लांब, उंबऱ्यापाशी बसली.

तो वाटेत घोकत आला होता. वीस वर्षांनी ती बोली तोंडात घ्यायची होती. शब्द अडखळले, पण तो बोलला.

"फुई, माले माफ कर. मी उखर्डू शे ना वं."

भागाबाईने त्याच्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं, शेंगा हातात तशाच. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर त्याने पाय तरी धरले असते.

"उखर्डू तं गया, साहेब," ती म्हणाली. "तुम्हीच सही करी ना त्या कागदवर. चहा पी ल्या, थंडा व्हई जाई."